शिरोलीच्या कंटेनरमधला खोकला

या सदरात लोकांचे अनुभव येतात ते मी दर वेळी वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतेच. कुणाला वळणावर पांढरी बाई दिसते, कुणाच्या बंद घरात पैंजण वाजतात... मला आजवर काही दिसलं नाही आणि काही वाजलंही नाही. अमावास्येला मी प्रवास करते, मांजर आडवं गेलं तर मांजराची गाडी चुकली असेल म्हणते. माझं माहेर गडहिंग्लजचं, सासर कोल्हापूरचं, आणि दोन्हीकडं माझी ख्याती एकच — बाई फार चिकट आहे, खात्री झाल्याशिवाय मान हलवत नाही. तेव्हा पुढचं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

आधी माझी नोकरी सांगते, कारण त्याशिवाय काही कळायचं नाही. समुद्रमार्गे माल पाठवण्याचे कायदे असतात. वजन खरं सांगा, धोक्याचा माल असेल तर तसं जाहीर करा, कशाशेजारी काय ठेवायचं नाही ते पाळा, सरकारी माल शक्यतो आपल्या झेंड्याच्या जहाजानं न्या — असे. खाजगी कंपन्यांवर लक्ष ठेवायला माणसं पुष्कळ आहेत. माझं काम वेगळं आहे : सरकारी खाती माल पाठवतात तेव्हा सरकारच सरकारचे कायदे पाळतंय का, हे बघायचं. थोडक्यात, आपल्याच घरातल्या माणसांना शिस्त लावायची. ते किती लोकप्रिय काम असेल, याची कल्पना तुम्हीच करा. त्यात ऑफिस कोल्हापुरात! नातेवाईक अजून विचारतात, "व्हय गं, रंकाळ्यात जहाज कुठं लावत्यात?" मी सांगते, जहाज बंदरात असतं, पण कंटेनर भरला जातो इथं, आणि एकदा दाराला सील लागलं की आत काय आहे ते पुढं कुणी उघडून बघत नाही. जहाजावरचा माणूस इथल्या कागदावर विश्वास ठेवून त्या डब्याशेजारी झोपतो.

तर झालं असं... एका बेटांच्या देशात मोठं वादळ झालं होतं. आपल्याकडून मदत जाणार होती. ब्लँकेटं, ताडपत्र्या, कपडे, भांडी. त्यातला एक कंटेनर शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एका सरकारी गोदामात भरायचा होता. महिना वैशाखाचा, सकाळ संपत आलेली, ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही.

गोदामाचे अधिकारी चौगुले साहेब. अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी, आणि मनानं मोकळा माणूस. महापुराच्या वेळी हा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गावोगाव सामान पोचवत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी गाडीतून उतरते तोवर त्यांनी जाहीर करून टाकलं, "मॅडम, आज जेवान आमच्याकडं. पेठ वडगावला. मंडळींनी सकाळीच मटान टाकलंय. न्हाय म्हणायचं न्हाय!"

आमच्या भागात तपासणी अशीच होते. पाहुणा अधिकारी येतो, रिकामा कंटेनर बघतो, मग त्याला जेवायला नेतात. तांबडा-पांढरा रस्सा होतो, पान होतं. परत येईपर्यंत माल भरून, दार लावून तयार असतं. मग सही. यात लाचलुचपत नसते बरं का... खरोखरच प्रेम असतं. घरी आलेल्या माणसाला उपाशी ठेवून कामाला जुंपलं तर गावात तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न असतो. ब्लँकेटंच तर आहेत, असा विचार करून मीही हो म्हणून टाकलं होतं.

आधी कंटेनर बघायचा होता. त्याची एक साधी पद्धत आहे. तपासणाऱ्यानं रिकाम्या कंटेनरमध्ये आत जायचं आणि बाहेरून दारं पूर्ण लावून घ्यायची. टॉर्च बंद. डोळे अंधाराला सरावले की छत, भिंती, कोपरे बघायचे. कुठं सुईच्या टोकाएवढाही उजेड दिसला, तर तिथून समुद्राचं पाणी आत येणार. मी हे इतक्या वेळा केलंय, की मला त्यात देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्याइतकंही काही वाटत नाही.

दारं लावायला हमालांचा मुकादम होता, सलीमभाई. जुना माणूस, माझ्या ओळखीचा. "मॅडम, लई येळ नका थांबू आत. भट्टी हाय नुसती," असं म्हणत त्यानं दारं ओढली, दांडे फिरवले. अंधार झाला.

मी दाराला पाठ लावून उभी होते. आत नव्या रंगाचा आणि लाकडी फळ्यांचा वास होता. मी वर बघितलं, डावीकडं बघितलं. कुठंही उजेड नव्हता. डबा एकदम चांगला होता. दार वाजवून उघडायला सांगणार, एवढ्यात वास बदलला.

तो वास कोल्हापूरच्या माणसाला ओळखावा लागत नाही. पूर ओसरल्यावर घराघरांत ब्लिचिंग पावडर टाकतात, तेव्हा येतो तो. नाकातून थेट डोक्यात जाणारा. आमच्या घरात पाणी आलं होतं तेव्हा कितीतरी दिवस भाकरीलासुद्धा तो वास येत होता. पण इथला वास त्याच्या कितीतरी पट तिखट होता, आणि गरम. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आणि मग खोकला ऐकू आला. आतून — समोरच्या टोकाकडून.

दोन आखूड खोकले. मग घशात शिट्टी वाजल्यासारखा ओढून घेतलेला श्वास. मग पत्र्यावर तळहाताची थाप... धप्, धप्. थोडी शांतता, आणि पुन्हा तेच. दोन खोकले, शिट्टी, थाप, थाप. पुरुषाचा खोकला होता. मोठ्या वयाचा. आणि तो माणूस घाबरलेला होता, हे मला त्या खोकल्यावरून कळलं. कसं, ते विचारू नका.

मी ओरडले का? नाही. टॉर्च हातात होता, पण बोट बटणावर जाईना. तेवढ्यात दांडे खडखडले, दार उघडलं आणि ऊन आत आलं. सलीमभाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम... आत दुसरं कोण हाय?"

मी वळून बघितलं. कंटेनर रिकामा होता. समोरची भिंत, कोपरे, छत, सगळं स्वच्छ. वास नव्या रंगाचा.

"तुम्हाला काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"कोन तर पत्रा बडवत हुतं. त्या तिकडच्या टोकाला. तुमी तर हिकडं दाराला हुता..." त्यानं हळू आवाजात जोडलं, "ह्यात कोन तर गुदमरून मेलंय मॅडम. ह्यो डबा नगो."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. म्हणून मी दारावरची पाटी वाचली. कंटेनर बांधून झाल्याला थोडेच दिवस झाले होते. नंतर मी कंटेनर पुरवणाऱ्यांना फोन करून खात्री केली : कोरा डबा, कारखान्यातून निघून थेट इथं आलेला, आमचा माल हाच त्याचा पहिला माल. त्यात कुणी मरायला अजून वेळच मिळाला नव्हता.

मी पाणी प्यायले, तोंड धुतलं आणि काय करायचं ते ठरवलं. भुताखेताच्या कारणावरून चांगला कंटेनर नाकारता येत नाही. तसं लिहिलं असतं तर माझीच रवानगी कुठंतरी झाली असती. पण एक गोष्ट माझ्या हातात होती. मी एक खुर्ची मागवली, कंटेनरच्या तोंडाशी ठेवली आणि बसले. चौगुले साहेबांना म्हटलं, "जेवायला मी येत नाही. प्रत्येक गठ्ठा माझ्यासमोर उघडून आत जाईल."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. चेष्टा नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "आवो मॅडम, ब्लँकेटं हाईत ती. काय बाँब हाईत व्हय? माजं काय चुकलं का? मंडळी वाट बगत बसल्यात..."

"वहिनींना माझा नमस्कार सांगा. मी इथून हलणार नाही."

घरच्या जेवणाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. शिवी दिली असती तर त्या माणसाला कमी लागलं असतं. मग माझ्या वरिष्ठांचा फोन आला, म्हणजे कुणीतरी कळवलं होतं. "बाई, संध्याकाळी गाडीला झेंडा दाखवायला पुढारी येणार आहेत. मदतीचा माल आहे. कशाला ताणताय?" मी म्हटलं, "सर, आदेश लेखी पाठवा, मी लगेच उठते." फोन बंद झाला. लेखी काही आलं नाही.

मी बसून राहिले. घामानं साडी अंगाला चिकटली होती. मजेची गोष्ट अशी, की माल भरायला कुणी सुरुवातच करेना. हमाल सावलीत उभे. ब्लँकेटांचे गठ्ठे समोर रचलेले. सलीमभाई एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा चौगुले साहेबांकडं.

"काय अडलंय?" मी विचारलं. "पहिला माल कुठला जायचाय? तिकडच्या टोकाला काय लागणार आहे?"

शेवटी सलीमभाईच म्हणाला, "साहेब, सांगा की आता. मघाशी मी काय ऐकलंय ते मलाच ठावं. मी काय तो माल आत टाकत न्हाय बगा."

चौगुले साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि मला गोदामाच्या मागं, वेगळ्या इमारतीतल्या एका खोलीत नेलं. कुलूप उघडलं. आत निळे प्लास्टिकचे ड्रम एकावर एक रचलेले होते. झाकणं घट्ट बंद. सगळी ब्लिचिंग पावडर.

"यादीत नाहीत हे," मी म्हटलं.

"न्हाईत." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आमच्या शिल्लक साठ्यातलं हाय. मॅडम, तुमी पूर बगितलाय, मीबी बगितलाय. पानी उतरल्यावर नुसतं पांगरून देऊन भागतंय व्हय? हिरीत मेलेलं जनावर आस्तंय, नळाला गाळ. पैलं काय लागत आसंल तर ह्ये लागतंय. दिल्लीत यादी करनाऱ्याला ते काय ठावं? यादीत घालायचं म्हंजे परत मंजुरी... तवर तितली पोरं हगवणीनं मरत्याली. म्हनून म्हटलं, आत टोकाला ड्रम लावायचं, वर ब्लँकेटं. तितं दार उगडल्यावर त्यास्नी घावंल. दुवा देतील."

राग आला होता, पण त्यामागची तळमळही दिसत होती. ज्यानं स्वतः पूर सोसलाय, त्यालाच हे सुचू शकतं. आणि समुद्र कधी न पाहिलेल्यालाच हे इतकं सोपं वाटू शकतं.

मी त्यांना खाली पायरीवर बसवलं आणि सांगितलं. ही पावडर गोदामात सावलीला पडून राहते तोवर गरीब असते. बंद लोखंडी डब्यात, जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या धगीजवळ कितीतरी दिवस राहिली की ती स्वतःच तापायला लागते. विषारी वायू सोडते. पेट घेते, आणि पेटली की आपला ऑक्सिजन आपणच तयार करते, त्यामुळं विझता विझत नाही. शेजारी ब्लँकेटं म्हणजे तर तयार चिपाडं. अशानं जहाजंच्या जहाजं जळालीत. आणि जाहीर केलेली नसली, तर आग लागलीय कशाला हेच तिथल्या माणसांना कळत नाही. धूर कसला म्हणून बघायला एखादा खलाशी खाली उतरतो, तो परत येत नाही.

चौगुले साहेब हातातली किल्ली बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग तितल्या पोरांनी पानी कसलं प्यायचं, मॅडम?"

हा प्रश्न खरा होता. नुसतं 'नियमात बसत नाही' म्हणून मी तिथून उठले असते, तर मला माझीच लाज वाटली असती. मी म्हटलं, "पावडर जाईल. पण नावानिशी जाईल. वेगळ्या कंटेनरमध्ये, डेकवर मोकळ्या हवेत, उष्णतेपासून लांब, वर धोक्याची खूण लावून. मंजुरी मी आणते."

त्या दिवशी झेंडा दाखवला गेला नाही. पुढारी चिडले, वरिष्ठ चिडले. ब्लँकेटं माझ्यासमोर एकेक गठ्ठा उघडून भरली आणि गाडी दुसऱ्या दिवशी निघाली. भरण्याआधी मी पुन्हा एकदा आत गेले. सलीमभाई नको नको म्हणत होता. दारं लावून घेतली, अंधारात उभी राहिले, कान देऊन. काहीही नाही. नव्या रंगाचा वास, आणि माझाच श्वास.

मग मी पावडरच्या मागं लागले. या टेबलावरून त्या टेबलावर, फोनवर फोन. एका साहेबांनी तर शेवटी "तुम्ही फोन करू नका, मीच करतो" असं सांगितलं. मी तरी करत राहिले. पुढच्या जहाजानं ती पावडर रीतसर गेली. ती पोचल्याचा निरोप आला, त्या दिवशी चौगुले साहेब पेढे घेऊन ऑफिसात आले होते.

इथं संपलं असतं, तर मी हे लिहिलंच नसतं. उन्हाचा त्रास झाला, अंधारात भास झाला, सलीमभाईला हातोड्याचा आवाज कुठून तरी आला, असं म्हणून मी मनाची समजूत घातलीच होती. चांगली बसलीही होती.

काही महिन्यांनी मला मुंबईजवळच्या बंदरात एका जहाजावर जावं लागलं. नेहमीचंच काम, सरकारी मालाची कागदपत्रं बघायची. आमची ब्लँकेटं याच जहाजानं गेली होती, हे तिथं गेल्यावर समजलं. मी अरुंद बोळातून चालले होते. दोन्ही बाजूंना लोखंडी भिंती. आणि पाठीमागून आवाज आला.

दोन आखूड खोकले. घशात शिट्टी वाजल्यासारखा श्वास. मग पत्र्यावर तळहाताची थाप — धप्, धप्.

माझे पाय जागीच थांबले. भर दुपार होती, दिवे लागलेले होते, आजूबाजूला माणसं होती. मी वळले. पन्नाशीचा एक सडसडीत गृहस्थ, अंगात निळा डगला, एक हात भिंतीला टेकून उभा. जहाजावरचा फिटर होता. माझ्याकडं बघून ओशाळला.

"सॉरी हां मॅडम. खोकलो इलो की हात आपटूची सवय आसा माका. घरात बायल ओरडता, भिंतीचो रंग जाता म्हणान." वेंगुर्ल्याकडचा माणूस होता.

"तुम्ही... कधी कोल्हापूरला आला होता?" मी विचारलं.

"कोल्हापुरात? नाय ओ. बायल कधीपासून म्हणता, अंबाबाईक जावया. पण सुट्टी मिळाक होयी ना!" तो हसला. मग म्हणाला, "कोल्हापूरची घोंगडी नेली होती पण आम्ही, मदतीची. दोन नंबरच्या होल्डात होती, खाली जहाजाच्या पोटात. त्या फेरीक थंयची तपासणी माझ्याकडेच होती. रोज खाली उतरून बघूक लागा."

मी भिंत धरली. त्यानं घाबरून खुर्ची आणली, पाणी आणलं. "मॅडम, बरां वाटणां नाय काय?" असं तो परत परत विचारत होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत बसले होते. घाम आलेलं कपाळ, चष्म्याला दोरी, वरच्या खिशात बिडीचं बंडल. मला रडू येत होतं आणि त्याला कारण सांगता येत नव्हतं. शेवटी एवढंच म्हटलं, "बिडी सोडा हो. आणि सुट्टी मिळाली की कोल्हापूरला या, उतरायला माझ्याकडंच या."

तो आला खरंच, बायकोला घेऊन. अंबाबाईचं दर्शन झालं, आमच्याकडं जेवण झालं. माझ्या नवऱ्याशी त्याच्या गप्पा रंगल्या. त्याला मी काही सांगितलं नाही, त्याच्या बायकोलाही नाही. सांगणार तरी काय?

तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाचा आवाज येतो हे ऐकलंय. पण जो मेलाच नाही, ज्याचं काही झालंच नाही, त्याचा खोकला कोऱ्या डब्यात, समुद्रापासून इतक्या लांब शिरोलीत कसा यावा? तो मला ऐकू यावा, सलीमभाईला थाप ऐकू यावी, आणि ज्याचा तो आवाज, त्याला पत्ताही नसावा? मी खूप विचार केला. उत्तर सापडलं नाही, आणि सापडलंय असं सोंगही मला करायचं नाही. कुणाला पटेल असं काही सुचत असेल तर जरूर कळवा. मी मात्र आता प्रत्येक सरकारी कंटेनरसमोर खुर्ची टाकून बसते, कुणाला राग येवो की लोभ.

परवा वेंगुर्ल्याला फोन केला होता. तो घेईना, म्हणून त्याच्या बायकोनं घेतला. म्हणाली, "ते वर चढलेत, पावसाआधी कौलां शाकारतत." मागून त्याचा खोकला ऐकू येत होता.